ठरलं होतं आणि आहे

अण्णांसमोर "सगळं ठीक आहे" असं म्हणून कुणी सहज सुटलेलं नाही. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं. सकाळी लिफ्टमध्ये गाठ पडते, काहीतरी बोलायचं म्हणून माणूस बोलतो. पण अण्णा चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कशावरून?"

इथे नवखा माणूस हसतो. त्याला वाटतं, विनोद झाला. "म्हणजे कुणी सांगितलं, की स्वतः बघितलंत? बघितलंत तर कधी? काल? मग कालचं ठीक होतं म्हणा, आजचं कशाला सांगताय?" एवढं होईपर्यंत त्याचा मजला निघून गेलेला असतो आणि तो नाइलाजाने अण्णांबरोबर सहाव्या मजल्यावर उतरतो.

अण्णा आमच्या खराडीच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळतात. पन्नाशी ओलांडलेली, केस मोजके पण भांग काटेकोर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. दोन्ही निळी. त्यातलं दुसरं पेन ते रोज सकाळी वहीच्या मागच्या पानावर रेघ ओढून तपासतात. पहिलं का तपासत नाही, असं कुणीतरी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "पहिलं वापरात आहे. ते बंद पडलं तर मला सांगावं लागणार नाही. चौकशी करायची ती न वापरलेल्याची." अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. उरलेली पंचवीस वर्षं त्याच्या अंमलबजावणीत गेली.

हैदराबादच्या डेटा सेंटरमधली पोरं त्यांना "अन्नगारू" म्हणतात. अन्ना म्हणजे तेलुगूत थोरला भाऊ, त्यामुळे अण्णांना तिकडे नवीन नाव द्यावं लागलं नाही. रात्री अडीचला फोन वाजला आणि पलीकडून "तिसऱ्या सर्व्हरवर किती काम तुंबलंय?" असा आवाज आला, की घरचा थोरलाच बोलतोय हे त्यांना चटकन पटतं.

आता अण्णांचं काम नेमकं काय, ते सांगायला हवं. आपले पैसे, पगार, पॉलिसी आणि विजेची बिलं जिथे नोंदींच्या रूपात मुक्कामाला असतात तो डेटाबेस. तो बंद पडला की काउंटरवरचा माणूस "सिस्टिम डाउन आहे" म्हणतो आणि जेवायला निघून जातो. तसं होऊ नये म्हणून त्याच डेटाबेसच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर चालू ठेवतात. एक काम करतो, बाकीचे त्याने काय केलं ते लिहून घेतात. पहिला पडला की दुसऱ्याने उठायचं आणि काम पुढे चालवायचं. या व्यवस्थेला हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात, लाडाने एचए. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीत यासाठी "ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप" आणले. तेव्हा एका मुख्य प्रतीमागे चार दुय्यम प्रती ठेवता येत. २०१४ पासून आठ ठेवता येतात. "ऑलवेज ऑन" हे नाव ऐकून आमच्या सेल्सवाल्यांना भरून आलं होतं. त्यांनी त्याच आठवड्यात ते प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर घातलं. अण्णांनी पान बघितलं आणि विचारलं, "कशावरून?"

सेल्सवाल्यांचं आणखी एक लाडकं प्रकरण म्हणजे पाच नऊ. सेवा ९९.९९९ टक्के वेळ चालू राहील, असं वचन. ऐकायला गोड आहे, पण अण्णांनी वहीवर गुणाकार करून दाखवला. वर्षाकाठी बंद राहायला साधारण सव्वापाच मिनिटं मिळतात. "यातली दोन आपली लिफ्टच खाते," ते म्हणाले, "आणि मी पळत जिना चढलो तर पुढची तीन मला श्वास घ्यायला लागतात." म्हणून माणूस पोचायच्या आत यंत्राने आपलं आपण सावरलं पाहिजे. आणि ते सावरेल की नाही, हे यंत्र पडायच्या आधी कळलं पाहिजे. यासाठी अण्णांनी स्क्रिप्ट लिहिली.

ही स्क्रिप्ट रोज पहाटे उठते. सर्व्हरांच्या यादीतून एकेकाच्या दारात जाते आणि त्याला प्रश्न विचारते. सर्व्हर स्वतःची माहिती काही खास तक्त्यांत मांडून ठेवत असतो. अण्णा त्याला "जबानी" म्हणतात. तू मुख्य आहेस की दुय्यम? तुझी नक्कल सिंक्रोनस आहे की असिंक्रोनस? म्हणजे, दुसऱ्याने लिहून घेतल्याची पावती येईपर्यंत थांबतोस, की आपलं लिहून मोकळा होतोस? पहिला पडला तर आपणहून उठशील, की कुणी हलवून उठवायला लागेल? जोडीदाराचा आवाज आला नाही तर किती वेळ वाट बघतोस? याचं मायक्रोसॉफ्टने ठरवून दिलेलं उत्तर दहा सेकंद. सर्व्हरांच्या गटाशी, म्हणजे क्लस्टरशी, केलेला करार किती सेकंदांत नवा झाला नाही तर संपतो? वीस. तुझी तब्येत विचारणाऱ्याने किती वेळात उत्तर मिळालं नाही तर घाबरावं? तीस. मधला साक्षीदार जागेवर आहे का? आणि शेवटचा, अण्णांचा आवडता प्रश्न: तुझ्याकडे डेटा आला हे कळलं, पण तो बघायला येणाऱ्यांना तू ओळखतोस का?

हा शेवटचा प्रश्न ज्याने एकदा सोसलाय त्यालाच कळतो. नकलेबरोबर डेटा जातो. लॉगिन आणि रात्री आपोआप चालणारी कामं मात्र सर्व्हरच्या घरची असतात, ती आपणहून जात नाहीत. २०२२ च्या आवृत्तीत ती ग्रुपच्या आतच ठेवायची सोय झाली, पण जुन्या मांडणीत ती हाताने न्यावी लागतात. मग एके दिवशी पहिला सर्व्हर पडतो, दुसरा दिमाखात उठतो, सर्व्हरांची तब्येत दाखवणारा डॅशबोर्ड हिरवा होतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि एकालाही आत जाता येत नाही. डेटा सुखरूप असतो. इतका सुखरूप की मालकालाही हात लावता येत नाही.

सात वाजता या सगळ्या जबान्यांचा मेल येतो. सुरुवातीला त्या मेलमध्ये रंग होते. ठीक असलेल्या ओळी हिरव्या, बिघडलेल्या लाल. महिन्याभरात अण्णांच्या लक्षात आलं की हिरवं दिसलं की लोक मेल उघडतच नाहीत, वरच्या वर अंगठा दाखवून पुढे जातात. त्या दिवशी त्यांनी रंग काढून टाकले. आता मेलमध्ये फक्त दोन रकाने असतात. एकाचं शीर्षक "ठरलं होतं", दुसऱ्याचं "आहे". दोन्हींत एकच मजकूर असेल तर बरं, नसेल तर अण्णांचा फोन. मॅनेजरने सुचवलं होतं की शीर्षकं जरा प्रोफेशनल करू या. अण्णांनी मान डोलावली. शीर्षकं आजही तीच आहेत.

आणि मेल रोज येतो, काही बिघडलेलं नसलं तरी. याला कारण आहे. अण्णांना दोन गोष्टी तोंडपाठ आहेत आणि नवीन माणूस टीममध्ये आला की चहाच्या पहिल्या कपासोबत पहिली आणि दुसऱ्या कपासोबत दुसरी सांगतात.

पहिली गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची. ३१ जानेवारी २०१७. मुख्य डेटाबेसमागे त्याची दुय्यम प्रत अडखळत होती. रात्री उशिरा एक इंजिनिअर ती दुरुस्त करायला बसला. दुय्यम सर्व्हरवरची फाइलींची थैली रिकामी करायची होती. त्याने ती मुख्य सर्व्हरवर रिकामी केली. चूक लक्षात येऊन हात आवरेपर्यंत सुमारे तीनशे जीबींतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला लागले. रोजचा बॅकअप कधीचाच होत नव्हता, कारण तो घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. तो अयशस्वी होतोय हे सांगणारे मेलही निघत होते, पण मेल सर्व्हर ते परत पाठवत होता. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि तीवरून गाडं पुन्हा सुरू झालं. कंपनीने ही सगळी धडपड यूट्यूबवर जगाला थेट दाखवली आणि पुढे सविस्तर लिहूनही काढली, याबद्दल अण्णा त्यांना मनोमन नमस्कार करतात. पण इथवर आल्यावर ते कप खाली ठेवतात. "मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. मेल आला नाही म्हणजे मेल आला नाही." म्हणून त्यांचा मेल रोज येतो, आणि सव्वासातपर्यंत आला नाही तर अण्णा सर्व्हरच्या आधी मेलवाल्यांना उठवतात.

दुसरी तेच काम करणाऱ्या गिटहबची. २१ ऑक्टोबर २०१८. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाळ्याच्या देखभालीचं काम चालू असताना दोन ठिकाणांतला संपर्क तुटला. किती वेळ? त्रेचाळीस सेकंद. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या प्रोग्रामने ठरवलं की पूर्वेचे मुख्य डेटाबेस गेले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतींना मुख्य करून टाकलं. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे काही नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेकडे नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी पडायला लागलेल्या. दोघेही आपापल्या जागी खरे. ते निस्तरायला चोवीस तास अकरा मिनिटं लागली. या गोष्टीत अण्णा कुणाला दोष देत नाहीत. "यंत्राने सांगितलं तेच केलं," एवढंच म्हणतात. पण ते "सांगितलं" असं काही उच्चारतात, की ऐकणारा आपण कुणाला काय सांगून ठेवलंय हे आठवायला लागतो.

अण्णांचा खरा शत्रू मात्र ना वीज आहे, ना उंदीर, ना रस्ता खणणारी महापालिका. त्यांचा शत्रू आहे "तात्पुरतं".

महिन्यातून एकदा शनिवारी रात्री सर्व्हरांवर पॅच चढवतात. ते करताना मधेच प्रतींनी आपणहून जागा बदलू नयेत म्हणून आपोआप उठायची सेटिंग काढून हाताने उठवायची ठेवतात. हे नियमानुसारच आहे, मायक्रोसॉफ्टही तसंच सांगतं. काम झालं की सेटिंग पूर्ववत करायची, हेही तिथेच लिहिलंय. पण काम होतं पहाटे साडेतीनला. तोवर अंडाभुर्जीची गाडी बंद झालेली असते, कॅब खाली थांबलेली असते आणि करणारा मनात म्हणतो, तात्पुरतं राहू दे, सोमवारी बघू. सोमवारी दुसरंच काहीतरी पेटलेलं असतं.

आणि डॅशबोर्ड? डॅशबोर्ड हिरवा. कारण आपोआप उठायची तयारी आहे का, हा प्रश्न तो आपोआप उठायला सांगितलं असेल तरच विचारतो. हाताने ठेवलंय ना? मग हातानेच आहे. हिरवं. "सांगितलेलं ऐकलं जातंय, एवढंच तो बघतो," अण्णा म्हणतात. "सांगितलेलं शहाणपणाचं होतं का, हे त्याने विचारायचं नसतं. या गुणावर आपल्याकडे अनेकांची बढती झालेली आहे."

म्हणून अण्णांची स्क्रिप्ट आपण काय ठरवलं होतं ते सर्व्हरला विचारत नाही. ते वेगळ्या फाइलीत लिहिलेलं आहे. त्या फाइलीत बदल करायचा तर दोघांच्या सह्या लागतात. सोमवारी सात वाजता "ठरलं होतं: आपोआप. आहे: हाताने." अशी ओळ उमटते आणि नऊ वाजता एक तरुण मान खाली घालून सहाव्या मजल्यावर येतो. अण्णा त्याला रागावत नाहीत. फक्त विचारतात, "तात्पुरतं होतं ना?" तो हो म्हणतो. "किती दिवसांसाठी?" याला उत्तर नसतं. ज्याला शेवटची तारीख नाही ते तात्पुरतं नव्हे, असं अण्णांचं मत आहे. त्यांच्या घरासमोरच्या चौकात उड्डाणपुलाच्या कामासाठी तात्पुरता वळवलेला रस्ता आहे. त्यावर आता रिक्षास्टँड आहे, वडापावची गाडी आहे आणि एक छोटं मारुतीचं देऊळही आहे. अण्णा तिथून जाताना मारुतीला हात जोडतात आणि बाकीच्यांकडे संशयाने बघतात.

मध्यंतरी एक मोठे साहेब मुंबईहून आले. त्यांना ही जादू डोळ्यांनी बघायची होती. अण्णांनी चाचणीच्या दोन सर्व्हरांवर मांडणी केली आणि सगळ्यांसमोर पहिल्याचा जीव घेतला. काही सेकंदांत दुसरा उठला, स्क्रीनवरचे आकडे पुन्हा धावू लागले. साहेब खुश. "वा! एकदा परत दाखवा." आमच्या मॅनेजरांनी हौसेने पहिला सर्व्हर चालू करून दुसऱ्याला मारलं. काही झालं नाही. पहिला जिवंत होता, पण ढिम्म. साहेबांनी मॅनेजरांकडे बघितलं, मॅनेजरांनी अण्णांकडे. अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन सर्व्हरांच्या क्लस्टरला मुळात सहा तासांत एकाच पडझडीची मुभा दिलेली असते. एकसारखं पडायला लागलं की तो समजतो, दुखणं वेगळं आहे, नुसती जागा बदलून जाणार नाही. सहा तासांनी या." साहेबांचं विमान चारला होतं. त्या तिमाहीत अण्णांच्या टीमला नवीन खुर्च्या मिळायच्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. पण अण्णांनी त्या प्रसंगाची टिपणात नोंद केली: सेटिंग ठरल्याप्रमाणे चालली.

अशा माणसाला घरी काय वेगळा स्वभाव देणार? त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे आमच्या ऑफिसातल्या लोकांनी तिकीट काढून बघावी अशी गोष्ट. क्लस्टरमध्ये मतदान असतं: दोन सर्व्हर आणि एक साक्षीदार मिळून तीन मतं, ज्याच्याकडे दोन तो पुढे काम करील, ज्याच्याकडे एकच तो गप्प बसेल. यामुळे एकाच वेळी दोघे स्वतःला मुख्य समजून वह्या भरत बसत नाहीत. या बहुमताला कोरम म्हणतात. सोसायटीच्या सभेलाही कोरम लागतो, दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, जे कमी असेल ते. तेवढे कधी जमत नाहीत. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तेवढीच माणसं, त्याच सतरंजीवर, कोरमशिवाय रीतसर सभा सुरू करतात. उपविधींत तशी तरतूदच आहे. अण्णा दरवर्षी उठून हरकत घेतात. "बहुमत नव्हतं म्हणून तुम्ही थांबलात, हे बरोबर. पण अर्ध्या तासात बदललं काय? शेजारच्या विंगेतही आत्ता अशीच सभा चालू नाही, हे कुणी बघून आलंय का?" सेक्रेटरी दरवर्षी हरकतीची नोंद घेतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या विंगेत खरंच वेगळी सभा चालू होती आणि तिने वेगळा अध्यक्ष निवडला. अण्णांना या गोष्टीचा फार आनंद झाला. तो त्यांनी लपवला नाही, त्यामुळे दोन्ही अध्यक्ष त्यांच्याशी बोलत नाहीत.

पुतणीच्या लग्नात कार्यालयाच्या मालकांनी सांगितलं, "काळजी करू नका, दुसऱ्या गुरुजींचीही सोय आहे." दुसरा कुणी असता तर पेढा तोंडात टाकून पुढे गेला असता. अण्णांनी दुसऱ्या गुरुजींचा नंबर मागितला आणि तिथल्या तिथे लावला. समोर मांडवात बसलेल्या पहिल्या गुरुजींच्या पिशवीत फोन वाजला. दोन नंबर, दोन सिमकार्डं, गुरुजी एकच. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, कपाळावर हात मारला. अण्णा मात्र समजुतीने म्हणाले, "यांचं काही चुकलं नाही. मोठमोठ्यांचं असंच असतं." आणि त्यांनी भर मांडवात राष्ट्रीय शेअर बाजाराचं उदाहरण काढलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्यांनी दूरसंचाराच्या लाइनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, आणि दोन्ही कंपन्यांच्या लाइनी एकाच वेळी बिघडल्या. "दोन आहेत, हे मोजून कळतं," अण्णांनी वरपित्याला समजावलं. "दोन वेगवेगळे आहेत, हे पाडून बघितल्याशिवाय कळत नाही." वरपिता नात्याने नवीन होता, त्याने मान डोलावली आणि नंतर हळूच चौकशी केली की मुलीच्या काकांना काही त्रास आहे का.

अण्णांकडे एकही शेअर नाही. पण शनिवारी, २ मार्च २०२४ ला, ते आंघोळ करून सव्वानऊच्या आत टीव्हीसमोर बसले होते. त्या दिवशी शेअर बाजाराने सुट्टी असून खास सत्र ठेवलं होतं: दहा वाजेपर्यंत व्यवहार मुख्य केंद्रावरून, आणि साडेअकरापासून पुढचा तासभर आपत्कालीन केंद्रावरून. म्हणजे अवघ्या देशासमोर चालत्या बाजाराची जागा बदलायची. मधला दीड तास अण्णा जागचे हलले नाहीत. वहिनींनी पोहे आणून दिले, ते निवले. साडेअकराला आकडे पुन्हा हलायला लागले तेव्हा अण्णांनी डोळे पुसले. त्या दिवशी बाजार वर गेला की खाली आला, हे त्यांना विचारू नका. ते त्यांनी बघितलं नाही.

गेल्या वर्षी या अण्णांच्या टीममध्ये इचलकरंजीची एक मुलगी आली. कॉलेजातून थेट. दोन्ही कपांसोबतच्या दोन्ही गोष्टी तिने निमूट ऐकल्या, वहीत लिहून घेतल्या आणि पंधरवड्यात स्क्रिप्टच वाचायला घेतली. आमच्याकडे ती स्क्रिप्ट सगळे वापरतात. वाचलेली कुणीच नव्हती. एका दुपारी ती अण्णांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, आपल्या यादीत जेवढे सर्व्हर आहेत, त्याच्यापेक्षा सातच्या मेलमध्ये एक कमी येतो."

"शक्य नाही," अण्णा म्हणाले. मी शेजारच्याच रांगेत बसतो; अण्णांच्या तोंडून पुरावा न मागता निघालेलं हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. ऐकून त्यांचे तेच दचकले. चष्मा कपाळावर गेला. "कशावरून?"

"मोजले," ती म्हणाली.

तिने स्क्रिप्टमधली ओळ दाखवली. यादीतल्या सर्व्हरांपाशी जाताना एका सर्व्हरचं नाव आलं की त्याला वगळून पुढे जा, अशी ती ओळ होती. फार वर्षांपूर्वी एका स्थलांतराच्या रात्री तो सर्व्हर मिनिटामिनिटाला खोट्या तक्रारी करत होता, म्हणून कुणीतरी त्याला बाजूला काढलं होतं. ओळीच्या शेवटी इंग्रजी लिपीत, पण अस्सल मराठीत शेरा होता: "तात्पुरतं. नंतर काढणे." त्यापुढे २०१६ मधली एक तारीख आणि त्यापुढे अण्णांची आद्याक्षरं.

आजूबाजूच्या कीबोर्डांचे आवाज एकेक करून थांबले. अण्णांनी तिथेच त्या सर्व्हरची जबानी घेतली. सेटिंग हाताने उठवायची. स्थलांतराच्या रात्रीपासून तशीच. त्या सगळ्या वर्षांत तो सर्व्हर एकदाही पडला नव्हता, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. डॅशबोर्ड हिरवा होता. अर्थात.

आम्हाला वाटलं, अण्णा आता खचणार. मॅनेजरांनी तर पाण्याची बाटली पुढे केली. पण अण्णांच्या चेहऱ्यावर जे पसरत चाललं होतं ते समाधान होतं. ज्या शत्रूविरुद्ध आयुष्यभर बोललो तो काल्पनिक नव्हता. इतका खरा होता की त्याने आपल्याच घरात खोली घेतली होती. त्यांनी वगळायची ओळ उडवली, रीतसर परवानगी घेऊन सर्व्हरची सेटिंग बदलली आणि सगळ्या टीमला मेल पाठवला. "ठरलं होतं: सर्व सर्व्हर तपासणे. आहे: एक सोडून सर्व. बदल कुणी केला: मी. किती काळासाठी: तात्पुरता." खाली एका वाक्यात त्या मुलीचे आभार होते आणि आतापासून स्क्रिप्ट यादीतल्या आणि मेलमध्ये आलेल्या सर्व्हरांची संख्या आधी जुळवून बघेल, असं कळवलेलं होतं.

मग तिला बोलावून म्हणाले, "अगं, आता तू रोज बघत जा. तुला सगळ्या सर्व्हरांवर जबानी वाचायची परवानगी काढून देतो." आमच्याकडे हा मान मोठा आहे. मॅनेजरांनाही तो नाही.

"आणि बदलायची, सर?"

"ती मलाही रोज नसते. काम निघालं की मागून घेतो, झालं की परत करतो."

"म्हणजे तात्पुरती?" ती म्हणाली. "परत केली हे कोण बघतं?"

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि स्क्रिप्टची फाइल पुन्हा उघडून ती खुर्चीसकट तिच्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशीच्या सातच्या मेलमध्ये शेवटची ओळ नवी होती. "अण्णांकडे उरलेले अधिकार. ठरलं होतं: शून्य. आहे: शून्य." तपासणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं.